टरफलं, भुसा आणि पाचट: बेळगावजवळच्या एका ब्रिकेट कारखान्याचा कार्बन-हिशेब

पार्श्वभूमी

बेळगाव–निपाणी महामार्गापासून थोडं आत हा ब्रिकेटचा, म्हणजे शेती-लाकडाचा कचरा दाबून जळणाच्या दांड्या करण्याचा, कारखाना आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव घेत नाही आणि आकडे गोल केले आहेत. दोन प्रेस, एक श्रेडर, एक हॅमर मिल, एक ड्रायर, पत्र्याची लांब शेड आणि शेडभोवती कच्च्या मालाचे ढीग, एवढाच पसारा. शेंगा फोडणाऱ्या मिलमधली टरफलं, मळणीनंतर उरलेली मक्याची बुरकुंडं, खानापूर बाजूच्या लाकूड कटाई मिलमधला भुसा आणि हंगामात उसाचं पाचट हा इथला कच्चा माल. त्यातून निघणाऱ्या दांड्यांना बाजारात सगळे पांढरा कोळसाच म्हणतात.

मुख्य गिऱ्हाईक सीमेपलीकडे, इचलकरंजी भागातलं एक प्रोसेस हाऊस. कापड रंगवायला वाफ लागते. त्यांचा बॉयलर पूर्वी आयात कोळशावर चालायचा, आता पांढऱ्या कोळशावर चालतो. हे प्रोसेस हाऊस ज्या निर्यातदारासाठी काम करतं, त्याचं कापड युरोपातल्या एका ब्रँडकडे जातं. त्या ब्रँडने एक प्रश्नावली पाठवली: जळणाचा स्रोत शाश्वत असल्याचं प्रमाणपत्र आहे का, आणि दर मेगाज्यूल उष्णतेमागे किती हरितगृह वायू निघतात? ती प्रश्नावली हाताहातांतून कारखान्यापर्यंत पोचेस्तोवर तिचा एका ओळीचा व्हॉट्सॲप निरोप झाला होता: "सर्टिफिकेट पाठवा."

मालकांनी होतं नव्हतं ते सगळं पाठवलं. प्रदूषण मंडळाची संमती, जीएसटी नोंदणी, उद्यम नोंदणी, प्रयोगशाळेचा उष्मांक अहवाल. चार दिवसांत उत्तर आलं की यातलं काहीच चालणार नाही. त्यानंतर हे काम आमच्याकडे, म्हणजे ऊर्जा लेखापरीक्षण करणाऱ्या एका लहान गटाकडे आलं.

अडचण

पहिली अडचण अशी की नेमकं काय मागितलंय हेच मधल्या कोणाला ठाऊक नव्हतं. प्रश्नावलीतली भाषा युरोपीय संघाच्या २०१८ च्या नवीकरणीय ऊर्जा निर्देशातून उचललेली दिसत होती. त्या निर्देशाच्या मूळ रूपात बायोमासपासून (लाकूड, शेतीतले अवशेष अशा जैविक जळणापासून) उष्णता किंवा वीज तयार करणाऱ्या केंद्रांसाठी अट होती: २०२१ ते २०२५ दरम्यान सुरू झालेल्यांनी जीवाश्म इंधनाच्या तुलनेत किमान ७० टक्के उत्सर्जन वाचवायचं, २०२६ पासून सुरू होणाऱ्यांनी ८० टक्के; २०२३ च्या दुरुस्तीत हे टप्पे बदलले. पण हा निर्देश युरोपात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपुरता आहे. इचलकरंजीच्या बॉयलरला तो कायद्याने लागू होत नाही. म्हणजे ब्रँडची मागणी त्यांच्या स्वतःच्या धोरणातून आलेली होती, आणि धोरणाबद्दल विचारपूस करता येते, घासाघीसही करता येते. प्रोसेस हाऊसला हे पटायलाच दोन बैठका गेल्या. "युरोपचा नियम आहे" एवढं कानावर पडलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

दुसरी अडचण वहीत होती. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मालाची कागदपत्रं चोख होती. गाडी राज्य ओलांडते, पन्नास हजारांवरचा माल असतो, त्यामुळे प्रत्येक खेपेचं ई-वे बिल, टॅक्स इन्व्हॉइस आणि काटा पावती फाइलला लागलेली. आत येणाऱ्या मालाचं मात्र उलटं. दिवाणजींची एक लांब वही, तीत एका सोमवारची नोंद अशी: "पिवळी ट्रॉली – शेंग – ३-४०० – रोख." म्हणजे ३ टन ४०० किलो शेंगांची टरफलं आली आणि रोख पैसे दिले. पिवळी ट्रॉली कोणाची, हे दिवाणजींना पक्कं माहीत होतं. वहीला माहीत नव्हतं. भुशाच्या नोंदी तर "खानापूर भुसा" एवढ्याच. मिल कुठली, लाकूड कसलं, काही नाही.

तिसरी अडचण प्रोसेस हाऊसच्या स्वतःच्या अहवालात होती. कोळसा बंद केल्यापासून त्यांनी बॉयलरचं उत्सर्जन सरळ शून्य दाखवलं होतं. बायोमास म्हणजे कार्बन-न्यूट्रल, विषय संपला, असा हिशेब.

उत्सर्जनाचा हिशेब

हा भाग तुलनेने सोपा निघाला. निर्देशातल्या पद्धतीनुसार टरफलं, बुरकुंडं, भुसा यांसारख्या अवशेषांवर गोळा करण्याच्या टप्प्यापर्यंतचं उत्सर्जन शून्य धरतात. भुईमुगाला घातलेल्या खताचा भार शेंगदाण्यावर जातो, टरफलावर येत नाही. हिशेब सुरू होतो तो ट्रॉली भरल्यापासून.

एक टन ब्रिकेटचा उष्मांक किलोमागे ३,८०० किलोकॅलरी धरला, तर त्यात साधारण १६ गिगाज्यूल उष्णता असते. श्रेडर, हॅमर मिल आणि प्रेस मिळून टनामागे ७० युनिट वीज धरली. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे हे झाले ५० किलो. गोळा करताना आणि ढीग हलवताना टनामागे लिटरभर डिझेल, सुमारे पावणेतीन किलो. मोकळी टरफलं हलकी आणि फुगीर; सहा टनांत गाडी गच्च भरते. साठ किलोमीटरवरून येऊन-जाऊन तीस लिटर डिझेल धरलं आणि कारखान्यातली घट जमेला घेतली की तयार टनामागे सुमारे १५ किलो. तयार ब्रिकेट मात्र सोळा टनांची गाडी भरून जातात, त्यामुळे इचलकरंजीपर्यंतची वाहतूक टनामागे ९ किलोंच्या आसपासच. उरला बॉयलर. जळणातल्या कार्बनमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड या पद्धतीत शून्य धरतात, पण चिमणीतून मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही जातात. आयपीसीसीचे (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीचे) ठोक गुणांक वापरले (टेराज्यूलमागे ३० किलो मिथेन, ४ किलो नायट्रस ऑक्साइड) आणि दोन्हींचा तापमानवाढीतला परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या किलोत मांडला तर दर गिगाज्यूलला १.९ किलोची भर पडते.

सगळं मिळून जळणाच्या एका मेगाज्यूलमागे पावणेसात ग्रॅम. बॉयलरची कार्यक्षमता ७५ टक्के धरली की वाफेच्या एका मेगाज्यूलमागे सुमारे ९ ग्रॅम. निर्देशात उष्णतेसाठी तुलनेचा जीवाश्म आकडा ८० ग्रॅम आहे, आणि प्रत्यक्ष कोळसाच हटवल्याचं दाखवता आलं तर १२४ ग्रॅम. पहिल्या आकड्याशी तुलना केली तरी बचत ८९ टक्क्यांच्या घरात जाते. ८० टक्क्यांची कडक अट लावली तरी माल पास.

मालकांना वाटलं, सुटलो. पण या आकड्यात एक गोम आहे. खानापूरचा भुसा कायदेशीर लाकडाचा असो नाहीतर चोरट्या तोडीचा, उत्तर तेच, ९ ग्रॅम. पाचट जाळलं जाणार होतं की जमिनीत कुजणार होतं, यानेही आकडा हलत नाही. गणित पास करून देतं, पण माल आला कुठून हे सांगत नाही, आणि ब्रँडला खरी धास्ती त्याचीच होती.

प्रोसेस हाऊसच्या शून्याचाही निकाल इथेच लागला. जीएचजी प्रोटोकॉलनुसार, म्हणजे कंपन्यांनी उत्सर्जन कसं मांडायचं याच्या जागतिक नियमावलीनुसार, बायोमास जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड स्कोपांच्या (उत्सर्जनाच्या ठरलेल्या गटांच्या) बाहेर, पण वेगळ्या ओळीत दाखवावाच लागतो. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड स्कोप १ मध्ये, म्हणजे स्वतःच्या चिमणीच्या उत्सर्जनात, येतात. ब्रिकेट बनवण्याची वीज आणि बाहेरच्या गाड्यांचं डिझेल स्कोप ३ मध्ये, म्हणजे पुरवठा साखळीतल्या उत्सर्जनात. वर्षाला हजार टन ब्रिकेट धरले तर वेगळ्या ओळीत १,६०० टन, स्कोप १ मध्ये ३० टन आणि स्कोप ३ मध्ये पाऊणशेच्या वर. तेवढीच उष्णता बिट्युमिनस कोळशातून घेतली असती तर चिमणीतून १,५०० टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड गेला असता. म्हणजे चिमणीच्या तोंडाशी मोजलं तर पांढरा कोळसा काळ्यापेक्षा थोडा जास्तच कार्बन सोडतो. तो पुढच्या पिकात परत शोषला जाणार आहे म्हणून चालतं. आणि पीक परत उभं राहतं की नाही, हा प्रश्न पुन्हा स्रोतापाशीच येऊन थांबतो.

समोरचे पर्याय

मालकांचा पहिला कल सरळ होता: हे गिऱ्हाईक सोडायचं. भोवतालच्या कारखान्यांना पांढरा कोळसा हवाच आहे आणि ते सर्टिफिकेट मागत नाहीत. औष्णिक केंद्रांत ५ टक्के बायोमास मिसळण्याचं धोरण केंद्र सरकारने २०२१ मध्ये आणलं, तेव्हापासून कच्च्या मालाला मागणीही वाढली आहे. पण प्रोसेस हाऊस वर्षभर माल उचलतं आणि पैसे वेळेवर देतं. पावसाळ्यात बाकीची गिऱ्हाइकं हात आखडता घेतात तेव्हा कारखाना त्याच्याच जिवावर चालतो.

दुसरा पर्याय पूर्ण प्रमाणपत्राचा. लाकडी बायोमाससाठी एसबीपी ही प्रमाणपत्र योजना आहे, शेती आणि उद्योगातल्या अवशेषांसाठी आयएससीसी ही योजना जास्त सोयीची. आयएससीसीत साखळीतल्या प्रत्येक उगमाने, म्हणजे अवशेष जिथे तयार होतो त्या मिलने किंवा शेतकऱ्याने, स्वयंघोषणा द्यायची असते. गोळा करणारा, म्हणजे इथे कारखाना, प्रमाणित होतो आणि उगमांची नमुना तपासणी होते. नमुना उगमांच्या संख्येच्या वर्गमुळावर ठरतो आणि जोखीम जास्त दिसली तर वाढतो. चौसष्ट पुरवठादार असतील तर किमान आठ. त्यावर वस्तुमान ताळेबंद: प्रमाणित माल जेवढा आत आला तेवढाच प्रमाणित म्हणून बाहेर, आणि हा मेळ जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मुदतीत बसला पाहिजे. दरवर्षी लेखापरीक्षण, शुल्क, परीक्षकाचा प्रवास. दोन प्रेसच्या कारखान्याला हा खर्च टनावर चढवला तर दरात मावत नव्हता.

तिसरा पर्याय भुसा बंद करण्याचा. ऐकायला सोपा. पण नुसत्या टरफलांच्या दांड्या ठिसूळ होतात. भुशाने बांधणी येते आणि राख कमी राहते. आणि पावसाळ्यात बाहेरचे ढीग भिजतात तेव्हा मिलच्या छपराखालचा भुसाच हाताशी असतो.

चौथा पर्याय आम्ही मांडला. प्रमाणपत्र न घेता, प्रमाणपत्राला लागते तशी नोंद ठेवायची, मालाचे दोन लॉट करायचे (स्रोत कागदावर दाखवता येतो तो पहिला, बाकीचा दुसरा) आणि त्रयस्थ परीक्षकाकडून फक्त त्या नोंदींची पडताळणी करून घ्यायची. त्याआधी ब्रँडला लेखी विचारायचं की बंधनकारक काय आणि असल्यास बरं असं काय. उत्तर आलं: प्रमाणपत्र असल्यास बरं. बंधनकारक दोनच गोष्टी, जीएचजी प्रोटोकॉलनुसार मांडलेला अहवाल आणि लाकूड नैसर्गिक जंगलातून आलेलं नाही याचा लेखी पुरावा.

निर्णयाची तीन वळणं

भुसा. कटाई मिलमधला भुसा हा प्रक्रियेचा अवशेष, त्यामुळे त्याचा उगम म्हणजे जंगल नव्हे, मिल. मिलवाल्याने सही केली की साखळी सुरू. पण खानापूर तालुका म्हणजे पश्चिम घाटाचा उतार, २०११ मध्ये जाहीर झालेलं भीमगड अभयारण्य याच तालुक्यात. मिलमध्ये मळ्यातली अकेशिया आणि निलगिरी येते, वन खात्याच्या डेपोतलं लिलावाचं लाकूड येतं, बांधावरचा सागही येतो. करवतीखाली सगळ्यांचा भुसा एक होतो. एका मिलमालकाने मालकांना तोंडावर सांगितलं, "भुसा पायजे तर न्या की, सही कशाला मागूलाय?" त्याचं लाकूड बेकायदा होतं असं म्हणायला काही आधार नाही. सरकारी कागदावर सही करणं म्हणजे उद्या खात्याचा माणूस दारात, एवढाच त्याचा हिशेब असावा. पण लेखी पुराव्याच्या जागी अंदाज चालत नाही. ठरलं असं: जी मिल लाकडाच्या वाहतूक परवान्यांची नोंद दाखवेल आणि स्वयंघोषणेवर सही करेल, तिचाच भुसा पहिल्या लॉटमध्ये. बाकीचा दुसऱ्यात, इतर गिऱ्हाइकांसाठी.

पाचट. इथे चर्चा सर्वांत लांबली. कारखान्यात शिरतं ते टरफल मिलमध्ये तयार झालेलं असतं, पाचट थेट रानातून येतं. शेतजमिनीवरचे अवशेष उचलायचे तर जमिनीचा कस आणि तिच्यातला कर्ब यांवर लक्ष ठेवणारी योजना असली पाहिजे, असं निर्देश सांगतो. आपल्याकडचा जाणता ऊस उत्पादक हेच वेगळ्या शब्दांत सांगतो. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं, त्यात अर्धा टक्का नत्र आणि टक्काभर पालाश असतं; सरीत दाबलं तर खोडव्याला पाणी कमी लागतं. दुसऱ्या बाजूला, तोड झाली की काडी लावणारेही कमी नाहीत. जो जाळणार होता त्याचं पाचट उचललं तर फायदाच. जो कुजवणार होता त्याचं उचललं तर जमिनीचं नुकसान. ट्रॉलीतल्या पाचटाकडे बघून हे कळत नाही. शेतकऱ्याला विचारलं तर "जाळणारच होतो की" हेच उत्तर येणार, कारण पैसे त्याच उत्तराला आहेत. शिवाय पाचटातल्या पालाशामुळे बॉयलरच्या जाळीवर खंगर धरतो, हे प्रोसेस हाऊसचा फायरमन आधीपासून बोंबलून सांगत होता. पाचट पहिल्या लॉटमधून काढलं. खरं सांगायचं तर निर्देशापेक्षा फायरमनचं वजन जास्त पडलं.

ओल. हे वळण सुरुवातीला कोणाच्या ध्यानात नव्हतं. २५ टक्के ओल असलेली शंभर टन टरफलं वाळवून १० टक्क्यांवर आणली की उरतात ८३ टन. वहीत शंभर लिहिलेले. टनास टन असा ताळेबंद मांडला, तर पहिल्या लॉटच्या नावाने शंभर टन विकायची कागदोपत्री मुभा मिळते, आणि मधले १७ टन दुसऱ्या ढिगातून भरले तरी कोणाला पत्ता लागत नाही. कोणी लबाडी करायची गरजच नाही; ओल न मोजणं पुरेसं आहे. म्हणून काट्यावर ओल मोजायचं हातातलं यंत्र आलं आणि ताळेबंद कोरड्या वजनावर बांधला.

प्रत्यक्ष काय केलं

दिवाणजींची वही बंद केली नाही. तीच वही रुंद केली: पुरवठादाराचं नाव, गाव, मालाचा प्रकार, गाडी क्रमांक, काटा पावती क्रमांक, ओल. पिवळ्या ट्रॉलीला नाव मिळालं. स्वयंघोषणेचा अर्ज एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड असा छापला. त्यातही गोंधळ झालाच. शेतकऱ्याचा उतारा कन्नडमध्ये, सही मराठीत, बँक खात्यावरचं नाव इंग्रजी स्पेलिंगचं. एकाच माणसाची तीन नावं परीक्षकाला तीन माणसं वाटू शकतात. मग प्रत्येक पुरवठादाराला एक क्रमांक दिला आणि तोच क्रमांक सगळीकडे लिहायचा ठरवला.

शेडमध्ये लॉटांच्या मधोमध भिंत घातली. एक प्रेस पहिल्या लॉटसाठी राखून ठेवला. त्याने उत्पादन थोडं घटलं आणि मालक काही दिवस आमच्यावर नाराज होते, ते बरोबरही होतं.

मक्याच्या बुरकुंडांबाबत एक गोष्ट नोंदवायला हवी. स्वयंघोषणा भरून घ्यायला गेलो तेव्हा एका घरी काकूंनी सांगितलं, पूर्वी ही बुरकुंडं चुलीला पुरायची. आता ट्रॉली भरून जातात आणि पाणी तापवायला लाकूड फोडावं लागतं. हिशेबाच्या नियमात याला जागा नाही. अवशेष म्हटलं की त्याचा आधीचा उपयोग शून्य धरला जातो. आम्ही ते अहवालात टिपण म्हणून लिहिलं. परीक्षकाने त्यावर काहीच शेरा मारला नाही.

निष्पत्ती

त्रयस्थ परीक्षकाने नोंदी पाहिल्या, पाच उगमांना भेट दिली आणि दोन त्रुटी काढल्या: जुन्या ढिगातल्या मालाचा आरंभीचा साठा नोंदलेला नव्हता, आणि ड्रायरमध्ये जाळलेला भुसा हिशेबातून सुटला होता. दुसरी त्रुटी दुरुस्त केल्यावर पावसाळ्यातल्या मालाचा आकडा ९ वरून वर सरकला, तरी ८० टक्क्यांची अट पाळली गेली. ब्रँडने पुढच्या एका वर्षापुरती मान्यता दिली. प्रोसेस हाऊसने अहवालातलं शून्य काढलं आणि तीन ओळी लिहिल्या. आकडा वाढलेला दिसेल म्हणून त्यांच्या व्यवस्थापनाला धाकधूक होती. ब्रँडकडून मात्र त्यावर एकही प्रश्न आला नाही.

पहिल्या लॉटला थोडा जादा दर मिळाला, पण भिंत, ओलमापक आणि परीक्षकाची फी वजा जाता पहिल्या वर्षी हाती फारसं उरलं नाही. भुशाच्या मिलपैकी निम्म्याहून कमी मिलनी सह्या केल्या.

वेगळं काय करता आलं असतं

ब्रँडला लेखी प्रश्न पहिल्याच आठवड्यात जायला हवा होता, आणि तो प्रोसेस हाऊसने पाठवायला हवा होता. करार त्यांचा आहे. मधले दोन महिने प्रमाणपत्रांचे दर मागवण्यात गेले.

स्रोताची नोंद हंगामाच्या तोंडावर सुरू होणं सोयीचं. शेंगा आणि मका निघतात त्या वेळी मिलवाले आणि मळणीवाले गाठ पडतात. फेब्रुवारीत त्यांना शोधत हिंडावं लागतं. हिशेब आधी आणि स्रोत नंतर, हा क्रम उलटा केला असता तर पाचटावरचा वाद लवकर मिटला असता, कारण त्याचा निकाल गणितातून लागणारच नव्हता.

विजेकडे कोणी पाहिलंच नाही. जळणाच्या पावणेसात ग्रॅमपैकी तीन ग्रॅमहून जास्त एकट्या विजेचे, जवळपास निम्मे. शेडचं छप्पर मोकळं आहे, सौर पॅनेल बसले असते. पण प्रमाणपत्राच्या घाईत वाहतूक आणि भुसा एवढंच बोलणं झालं. पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणाआधी मालक सौर पॅनेलची कोटेशन मागवणार आहेत. सही न करणाऱ्या मिलसाठी वन खात्याच्या डेपोच्या लिलाव पावत्या पुरावा म्हणून चालतील का, ही विचारणा परीक्षकाकडे गेली आहे. उत्तर अजून यायचं आहे.